स्कॅनरवर ऐकलेला ‘२१४’ कोण? पार्क रेंजरांचे कॉल साइन ओळखायची रीत

प्रश्न थोडक्यात असा. जुळे सोलापुरातले एक निवृत्त गृहस्थ लेकीकडे कोलोरॅडोला राहून आले. जावयाने घेतलेल्या स्कॅनरवर, म्हणजे इतरांची बिनतारी बोलणी नुसती ऐकायच्या यंत्रावर, रॉकी माउंटन नॅशनल पार्कच्या रेंजरांची बोलणी ऐकायचा त्यांना तिथे नाद लागला. ऐकलेले आकडे त्यांनी वहीत उतरवले: २१४, २३०, ५१२, शिवाय ‘अल्पाइन सुप’ नावाचा एक कोणी. रेडिओवर आपली ओळख म्हणून सांगायच्या अशा आकड्याला किंवा नावाला कॉल साइन म्हणतात. आता ते विचारतात की हे आकडे कोणाचे, याची तयार यादी कुठे मिळते, सोलापुरात बसून हे ऐकता येईल का, आणि तोच स्कॅनर इकडे आणला तर नान्नजच्या अभयारण्यातले वनरक्षक ऐकू येतील का. (वहीतले खरे आकडे मी इथे बदलले आहेत. का, ते पुढे येईलच.)

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण त्यात माणूस अडकू शकतो. स्कॅनर घेऊन नान्नजला जाऊ नका. अमेरिकेत सार्वजनिक सेवांचे उघडे, म्हणजे एन्क्रिप्शन नसलेले बोलणे घरात बसून ऐकायला केंद्रीय कायद्याची सहसा आडकाठी नसते. ऐकलेल्याचा फायदा उठवायला मात्र असते. तिथेही न्यूयॉर्क, फ्लोरिडा, केंटकी अशी काही राज्ये गाडीत स्कॅनर बाळगण्यावर बंधने घालतात, तेव्हा जावईबापूंनी राज्याची हद्द ओलांडण्याआधी एकदा बघून घ्यावे. आपल्याकडे नियम मुळातच उलटा आहे. पूर्वी १८८५ चा तार कायदा आणि १९३३ चा बिनतारी कायदा होता, आता २०२३ चा दूरसंचार कायदा आहे. दुसऱ्यासाठी पाठवलेला संदेश परवानगीशिवाय मधेच पकडणे हा त्यात गुन्हा आहे. शिक्षा ३ वर्षांपर्यंत कैद किंवा २ कोटी रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. ‘मी नुसते ऐकत होतो’ हा बचाव चालेल या भरवशावर राहू नका.

कायदा बाजूला ठेवला तरी नान्नजचे कारण वेगळे आहे. माळढोकासाठी १९७९ मध्ये हे अभयारण्य जाहीर झाले आणि आज तो पक्षी तिथे दिसणे हीच बातमी असते. काळवीट आणि लांडगे आहेत, आणि शिकारीची धास्ती कायमची. कोणता वनरक्षक आत्ता कुठल्या माळावर आहे हे ज्याला ऐकू येते, त्याला कुठला माळ मोकळा आहे हेही कळते. म्हणून तिथल्या बिनतारीबद्दल मी काही लिहिणार नाही, कोणी लिहू नये असेच माझे मत आहे.

आता कोलोरॅडोकडे.

तयार यादीचे म्हणाल तर वारंवारितांच्या याद्या मिळतात, हौशी श्रोत्यांनी जमवलेले डेटाबेस आहेत, रेडिओ-रेफरन्स हा त्यातला सगळ्यात मोठा. पण सरकारी परवान्यांच्या नोंदीत नॅशनल पार्क शोधायला गेलात तर हात हलवत परत याल. अमेरिकेत राज्ये, कौंट्या (आपल्या जिल्ह्यांसारखे भाग), खासगी कंपन्या यांना वारंवारिता एफसीसी ही सरकारी संस्था देते आणि त्या नोंदी कोणालाही पाहता येतात. केंद्रीय खात्यांना त्या एनटीआयए ही वेगळी संस्था देते, आणि ती नोंद अशी खुली नाही. नॅशनल पार्क सर्व्हिस केंद्रीय, त्यामुळे तिथे सापडत नाही. कॉल साइनची यादी तर त्याहून अवघड, कारण ती प्रत्येक पार्क आपापली ठरवते. योसेमिटीची पद्धत कोलोरॅडोत लागू होईलच असे नाही. त्यातून मे-जूनमध्ये हंगामी कर्मचारी येतात, आकडे नव्याने वाटले जातात आणि गेल्या वर्षीची यादी निम्मी शिळी होते. कोणी यादी दिलीच तर तिच्यावर तारीख आहे का ते आधी बघा.

मग ओळखायचे कसे? आकड्यावरून नाही, कामावरून. सोलापूरच्या एसटी स्टँडवर डोळे मिटून बसलात तरी बोलण्यावरून कंडक्टर कोण, वाहतूक नियंत्रक कोण आणि गाडी सुटल्यावर धावत आलेला प्रवासी कोण हे तुम्हाला कळतेच. रेडिओवरही तेच करायचे, फक्त कागद-पेन्सिल घेऊन. आकडा माणसाचा नसतो, खुर्चीचा असतो. आज २१४ बाईचा आवाज आहे आणि उद्या पुरुषाचा, तर ते दोन कॉल साइन नव्हेत, फार तर दोन पाळ्या किंवा दोन हंगाम.

वहीत तुम्ही बहुतेक ठिकाणी नुसते आकडे लिहिलेत, तिथेच गाडी अडली. प्रत्येक बोलण्याला निदान एवढे हवे: वेळ, कोणी कोणाला हाक मारली, जागा, काम, आणि स्कॅनरच्या पडद्यावर दिसलेला टोन (बोलण्याखाली जाणारा ठरावीक, कानाला न जाणवणारा सूर) किंवा आयडी (रेडिओ संचाचा क्रमांक). नमुना म्हणून मी रचलेले एक संभाषण घ्या (‘डिस्पॅच’ म्हणजे सगळ्यांची बोलणी सांभाळणारा नियंत्रण कक्ष, तिथला माणूस डिस्पॅचर):

‘डिस्पॅच, टू-फोर्टीन.’
‘टू-फोर्टीन, गो अहेड.’
‘टेन-एट, बेअर लेक रोड.’
‘कॉपी, टू-फोर्टीन, झिरो-एट-थर्टी-वन.’

पहिल्या ओळीत दोन नावे आहेत. हाक मारणारा कोण? वणवा आणि आपत्तीच्या कामात ज्याला हाक मारायची त्याचे नाव आधी आणि आपले नंतर, अशी रीत आहे. पोलिसी वळणाच्या ठिकाणी कधी याच्या उलट ऐकू येते. पहिल्या ओळीवर घासाघीस करू नका, दुसरी ऐका. डिस्पॅचर जो आकडा परत उच्चारतो तो हाक मारणाऱ्याचा. डिस्पॅचरचा आवाज दिवसभर तोच असतो, खोलीतून येतो, मागे वारा किंवा इंजिन नसते. तो आवाज आधी ओळखीचा करून घेतला की निम्मे काम झाले. ‘टेन-एट’ म्हणजे कामावर हजर, ‘टेन-सेव्हन’ म्हणजे कामावरून बाजूला. शेवटी २४ तासांच्या घड्याळाची वेळ येते, ती आयती मिळालेली नोंद. एक पथ्य: ‘फोर्टीन’ आणि ‘फॉर्टी’, ‘थर्टीन’ आणि ‘थर्टी’ यांत आपला कान हमखास फसतो. एकदाच ऐकलेल्या आकड्यापुढे प्रश्नचिन्ह टाका. कोणीतरी तोच आकडा सुटा, ‘टू-वन-फोर’ असा म्हणेपर्यंत ते पुसू नका.

अशी पाने भरली की आकडे आपोआप घरे धरतात. बऱ्याच पार्कांत शेकड्याचा आकडा विभाग सांगतो: एक शेकडा अधीक्षकांच्या कार्यालयाचा, एक कायदा-सुरक्षेच्या रेंजरांचा, एक माहिती आणि मार्गदर्शन देणाऱ्यांचा, एक देखभालीचा, एक निसर्ग-संशोधनाचा. शेकड्यातला लहान आकडा बहुधा मोठ्या साहेबाचा. कुठला शेकडा कोणाचा, हे मात्र कामावरूनच ठरवायचे. ट्रॅफिक स्टॉप घेतो, म्हणजे रस्त्यावर गाडी थांबवतो, गाडीचा नंबर सांगून ‘टेन-ट्वेंटी-एट’ विचारतो, म्हणजे नोंदणी तपासायला लावतो, आणि थोड्या वेळाने ‘कोड फोर’, म्हणजे सगळे ठीक, मदत नको, असे कळवतो तो कायद्याचे अधिकार असलेला रेंजर. मार्गदर्शक रेंजर हे कधीच करणार नाही. त्याच्या तोंडी व्हिजिटर सेंटर, दहाचा वॉक, हरवलेले मूल, भरलेले पार्किंग. देखभालीच्या तोंडी फाटक, पाण्याची लाइन, बर्फ काढायची गाडी. ट्रेल रिज रोडवर १२,००० फुटांच्या वर बर्फ उपसायचे काम वसंतात आठवडेच्या आठवडे चालते आणि रस्ता साधारण मेअखेरीस उघडतो, त्यामुळे मे महिन्यात देखभालवाल्यांचे आकडे इतक्यांदा कानावर येतात की ते आधी पाठ होतात. सप्टेंबरात एल्क, म्हणजे तिथली मोठी हरणे, माजावर येतात, लोक रस्त्यातच गाड्या उभ्या करून बघत बसतात. ‘एल्क जॅम’ हा शब्द ऐकला की मोरेन पार्कच्या आसपास कोण कोण धावते ते टिपा. रेंजर आणि स्वयंसेवक दोघे तिथे भेटतात आणि बोलण्यातला फरक लगेच कळतो: एक गाड्या हलवायला सांगतो, दुसरा हलवायला कोणीतरी पाठवा म्हणतो.

प्रवेशद्वारे आणि इमारती बहुधा आपल्या नावानेच बोलतात: फॉल रिव्हर, बीव्हर मेडोज, अल्पाइन. इथे तुमचा ‘अल्पाइन सुप’ येतो. वहीत तुम्ही त्याच्यापुढे ‘पार्कचे सुपरिंटेंडंट?’ असे लिहिले आहे. ते नव्हेत. या पार्कात अल्पाइन हॉटशॉट्स नावाची वणवा विझवणारी तुकडी आहे, साधारण वीस जणांची. हॉटशॉट तुकडीच्या प्रमुखालाही सुपरिंटेंडंट म्हणतात आणि रेडिओवर त्याचे ‘सुप’ होते. तुकडीचे नाव आधी लागले की तो तुकडीचा. पार्कचे अधीक्षक रेडिओवर फारसे येतच नाहीत. वणव्याच्या कामात एकूणच आकड्यांपेक्षा नावे जास्त: इंजिन आणि त्याचा क्रमांक, हेलिकॉप्टर आणि त्याचा क्रमांक, ‘एअर अटॅक’ (वणव्यावरच्या विमानांना वरून सूचना देणारा), किंवा आगीचे नाव आणि पुढे ‘आयसी’, म्हणजे त्या घटनेचा प्रमुख. ही नावे घटना संपली की विरतात, त्यांना कायमच्या यादीत घर देऊ नका. त्याच बोलण्यात ‘टोन थ्री’ असे ऐकले तर ते कोणाचे नाव नव्हे, रिपीटर, म्हणजे शिखरावर बसवलेले, आलेले बोलणे पुन्हा दूरवर पाठवणारे यंत्र, निवडायचा टोन आहे, १३१.८ हर्ट्झ. आणि १६८.६२५ मेगाहर्ट्झवर काही आले तर ती देशभरची विमानांची आणीबाणीची वारंवारिता. तिथे ऐकलेले त्या पार्कचेच असेल असे धरू नका.

शोध-सुटकेच्या वेळचे एक ठरलेले फसगतीचे ठिकाण सांगून ठेवतो. ‘लिटर टीम’ ऐकून लोक सफाई कर्मचारी लिहून मोकळे होतात. तिथे लिटर म्हणजे जखमीला उचलून आणायचे स्ट्रेचर. लाँग्ज पीक १४,२५९ फुटांचा, वाटेत कोणाचा पाय मुरगळतो, कोणाला उंचीचा त्रास होतो, आणि मग लिटर घेऊन माणसे निघतात. अशा दिवशी सगळे विभाग एकाच चॅनेलवर येतात आणि हे रेंजर, ते देखभाल ही तुमची घडी विस्कटते. त्या दिवसाची पाने ओळख ठरवायला वापरू नका. अनेक खात्यांच्या संयुक्त कामात सांकेतिक टेन-कोडही बाजूला पडतात आणि साधे इंग्रजी सुरू होते.

आता यंत्राबद्दल. केंद्रीय खात्यांचा पारंपरिक पट्टा १६२ ते १७४ मेगाहर्ट्झ. त्याच्या अगदी सुरुवातीला, १६२.४०० ते १६२.५५० मध्ये, हवामान खात्याची अखंड प्रसारणे असतात. ती ऐकू आली तर अँटेना आणि यंत्र ठीक आहे. कोलोरॅडो राज्याचे मोठे जाळे मात्र ८०० मेगाहर्ट्झवर, डिजिटल ट्रंक पद्धतीचे आहे, म्हणजे अनेक खाती थोडी चॅनेल वाटून वापरतात आणि कोणाला कुठले ते संगणक ठरवतो. तिथे ‘रेंजर’ ऐकू आला तर तो राज्याच्या उद्यानाचा असण्याचा संभव धरा. रेंजर म्हणवणारे तिथे मुख्यतः तीन प्रकारचे आहेत: नॅशनल पार्कचे, राज्याच्या उद्यानांचे आणि फॉरेस्ट सर्व्हिसचे. या पार्कला लागूनच रूझवेल्ट नॅशनल फॉरेस्ट आहे, आणि फॉरेस्टमधला डिस्ट्रिक्ट रेंजर हा गस्तीवाला नसून त्या विभागाचा कारभारी असतो. शिवाय ‘के-झिरो’ आणि पुढे अक्षरे असे काही ऐकले असेल तर तो आमच्यासारखा परवानाधारक हौशी रेडिओवाला, म्हणजे हॅम. कोलोरॅडोचा हॅम विभाग शून्याचा. २०१६ मध्ये पार्क सर्व्हिसला शंभर वर्षे झाली तेव्हा पार्कांतून हॅम रेडिओ चालवायचा मोठा उपक्रम झाला आणि ती सवय आजही टिकून आहे. ते १४४ ते १४८ मेगाहर्ट्झवर सापडतील, रेंजरांच्या पट्ट्यात नाही.

स्कॅनर कोणता, यावर बरेच अवलंबून आहे. युनिडेन बीसी-१२५एटी सारखा अॅनालॉग स्कॅनर पी-२५ या पद्धतीचे डिजिटल बोलणे उलगडत नाही, नुसता खरखराट देतो. डिजिटल स्कॅनर असेल, किंवा संगणकाला आरटीएल-एसडीआरची काडी (पेनड्राइव्हएवढे स्वस्त रेडिओ यंत्र) लावून सॉफ्टवेअरने ऐकत असाल, तर पडद्यावर यूआयडी म्हणून एक क्रमांक येतो. तो हातात आला की लोकांना वाटते, ओळख पटली. तसे नसते. यूआयडी रेडिओ संचाचा असतो, माणसाचा किंवा कॉल साइनचा नव्हे. गाडीतला संच वेगळा, कमरेचा वेगळा, म्हणजे एका २१४ चे दोन यूआयडी. हंगामी लोकांना तर कपाटातला हाताला येईल तो संच मिळतो. एकच जोडी वेगवेगळ्या दिवशी पुन्हा पुन्हा जुळली तरच शाईने लिहा. पडद्यावर एन्क्रिप्टेड असे दिसले तर तिथून पुढे जा, त्यात तुमच्यासाठी काही नाही.

अॅनालॉगमध्ये टोन उपयोगी. अनेक डोंगरी जाळ्यांत वारंवारिता एकच आणि वेगवेगळ्या शिखरांवरचे रिपीटर वेगवेगळ्या टोनने जागे होतात. रिपीटरच्या प्रक्षेपणावरही निराळा टोन असेल तर पडद्यावर तो पाहून बोलणारा पार्कच्या कुठल्या बाजूला आहे याचा अंदाज येतो, मग त्याने जागा सांगितली नाही तरी चालते. मात्र लेकीचे घर डोंगराच्या पूर्वेला, सपाटीवर आहे हे विसरू नका. व्हीएचएफ, म्हणजे रेंजरांचा हा पट्टा, साधारण नजरेच्या रेषेत चालते आणि मधे खंडाचा जलविभाजक उभा आहे. ग्रँड लेकच्या बाजूचे लोक तुमच्या वहीत जवळपास नाहीत, ते एवढ्याचमुळे. दोन रेंजर शेजारी उभे राहून रिपीटर न वापरता थेट बोलले तर तेही सपाटीवर पोचणार नाही. त्यामुळे अमुक आकडा ऐकू येत नाही म्हणून तो नाहीच, असा निष्कर्ष काढू नका.

सोलापुरातून ऐकायचे तर इंटरनेटशिवाय मार्ग नाही. ब्रॉडकास्टिफायसारख्या ठिकाणी हौशी लोक आपल्या स्कॅनरचा आवाज सोडतात. त्यात हे पार्क मिळाले तर ठीक, नाहीतर जावईबापूंना विचारा. त्यात दोन उणिवा. आवाज उशिरा येतो, आणि टोन किंवा यूआयडी सहसा दिसत नाही, उरतात फक्त आवाज आणि काम. पण वेळ मात्र आपल्या सोयीची आहे. उन्हाळ्यात तिथले घड्याळ आपल्या साडेअकरा तास मागे. आपल्याकडे रात्रीचे आठ वाजतात तेव्हा तिथे सकाळचे साडेआठ, म्हणजे एकामागून एक जण ‘टेन-एट’ म्हणत हजेरी लावतो तो काळ. आकडे ओळखायला दिवसातला सगळ्यात फलदायी तासभर हाच, आणि जेवणे आटोपून निवांत ऐकता येतो. पहाटे साडेसहाला तिथे संध्याकाळचे सात असतात. तेव्हा हरवलेले गिर्यारोहक आणि गाड्यांचे अपघात जास्त, ओळखीची बोलणी कमी. नोव्हेंबरच्या सुरुवातीला त्यांची घड्याळे मागे जातात की हे सगळे एक तासाने पुढे सरकवा.

एसडीआरची काडी सोलापुरात वापरायची हौस असेल तर अंतराळ स्थानकाचे हौशी प्रक्षेपण १४५.८०० मेगाहर्ट्झवर येते, गच्चीवरून साध्या अँटेनाने ऐकू येते. त्यापुढे जायचे तर दूरसंचार विभागाची परीक्षा देऊन हॅम परवाना काढा: रिस्ट्रिक्टेड वर्गाला व्हीयू-३ ने सुरू होणारे कॉल साइन मिळते, वरच्या जनरल वर्गाला व्हीयू-२ ने. अभ्यासाला मी बसवीन. स्कॅनर मात्र बॅगेत घालून आणू नका. बिनतारी उपकरणांच्या आयातीला परवानगीचे नियम आहेत आणि विमानतळावर ती चर्चा आपल्या बाजूने संपत नाही.

आकडे बदलण्याचे कारण आता सांगतो. कायद्याचा रेंजर बहुतेक वेळा एकटाच गस्त घालतो. त्याचा आकडा आणि नेहमीची जागा एकत्र करून कोणी चारचौघांत टाकली तर ती भलत्याच्या उपयोगाची. वही घरात ठेवा. चालू घटनेतले तर कुठेच लिहू नका.

तुमच्या वहीबद्दल माझे मत असे. २१४ गस्तीवरचा कायद्याचा रेंजर, याबद्दल मला शंका नाही. दोन ट्रॅफिक स्टॉप तुम्हीच टिपले आहेत. ५१२ देखभाल, सकाळी सातच्या आत हजर होतो आणि दर वेळी फाटकाचेच बोलतो. अल्पाइन सुपचे वर आलेच. २३० चे मात्र जमत नाही. तो एकदा बेअर लेकच्या पार्किंगमधून बोलला आणि एकदा लिटर टीमबरोबर, आणि दुसरी नोंद सुटकेच्या दिवसाची असल्यामुळे ती धरता येत नाही. तो गस्तीवरचा असेल किंवा पार्किंग सांभाळणारा हंगामी. जावईबापूंना एखाद्या शनिवारी सकाळी आठ ते दहा ऐकायला सांगा आणि २३० पहिल्यांदा कुठून ‘टेन-एट’ देतो, तेवढेच लिहून घ्या. रस्त्याचे नाव आले तर बहुधा गस्त, पार्किंगचे आले तर हंगामी. नोव्हेंबरातही तो ऐकू आला तर हंगामी असण्याची शक्यता फारशी उरणार नाही.